डिसेंबरच्या पानामागचे पासवर्ड

शाळेत क्लार्क मी एकटीच. शिक्षकांचे ऑनलाइन फॉर्म मीच भरते, कारण त्यांच्यावर सोडलं तर काम चार दिवस रखडतं. त्यामुळे चौदा जणांचे पासवर्ड माझ्याकडे. ते मी ऑफिसातल्या कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानामागे लिहीत असे. पेठेतल्या दुकानदारानं फुकट दिलेलं कॅलेंडर, मागची बाजू कोरी. ते पान वर्षभर कुणी उलटत नाही.

मुलगा पुण्याहून सांगायचा, पासवर्ड मॅनेजर घे, सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप. महिनाभर फुकट वापरून पाहिला. बरा होता. पैसे भरायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, "खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर पैसे मागत नाही."

"खिळ्याला कुलूपही नसतं, आई."

मी विषय बदलला. जानेवारीत यादी नव्या कॅलेंडरवर उतरवली आणि जुनं घरी नेलं. तसला जाड कागद मी टाकत नाही. डब्यांखाली घालते, भाकऱ्या गुंडाळते.

संक्रांत झाल्यावर स्टाफरूमसाठी कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी नेली. भाकऱ्यांची चवड बांधताना पान कोणतं, मागे काय लिहिलंय, मी बघितलंही नाही.

मधल्या सुट्टीत हसण्याचा आवाज आला म्हणून ऑफिसातून उठून गेले. पीटीचे सर पान हातात धरून वाचत होते. "ह्यांचा बघा, मोटारसायकलचा नंबर. गाडी विकली की हो सर, आता काय करणार?" सगळे हसले. दारात उभी राहून मीही हसले. मग त्यांनी मराठीच्या बाईंच्या नावापुढचं वाचलं आणि ते मध्येच थांबले.

त्या बाई तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून वळसंगला माहेरी आल्या. विषय निघाला की म्हणायच्या, "तो माणूस माझ्यापुरता संपला." पासवर्ड त्याचं घरातलं नाव होतं, पुढे लग्नाचं वर्ष. लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. ते नाव सगळ्यांना ठाऊक होतं. मला पासवर्ड त्यांनी हळूच सांगितला होता, नंतर बदलते म्हणाल्या होत्या.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी खाल्लाही नाही, ठेवलाही नाही.

शाळा सुटल्यावर त्या ऑफिसात आल्या. "माझा पासवर्ड बदलायचाय, ताई."

"काय ठेवू?" मी सवयीनं विचारलं.

त्या टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीशी आल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही जरा उठता का?"

मी उठले. त्या माझ्या खुर्चीत बसल्या आणि टाइप करू लागल्या. मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. चुकलं माझं, म्हणाले.

"भाकरी चांगली झाली होती," त्या म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघाल्या.

घरी जाऊन मॅनेजरचे पैसे भरले. मुलानं विचारलं, "आता कसं काय पटलं?" म्हटलं, यादी वाढली. खरं सांगायचं धैर्य झालं नाही.

पैसे वाया गेले असं नाही. माझे आणि शाळेचे पासवर्ड त्यात नीट आहेत. पण त्या बाईंचा पासवर्ड कितीही भारी कुलपात ठेवला असता, तरी तो माझ्याकडे असायला नकोच होता. उरलेल्या तेरा जणांना सांगितलं, आपापले बदला आणि मला सांगू नका. फॉर्म आता चार दिवस रखडतात. बाईंचा असला की मी खुर्ची मोकळी करते आणि व्हरांड्यात जाऊन थांबते.