मेलेली शिंपली

अकरावीला मी बायोलॉजी घेतली आणि पंधरवड्यातच ती सोडायची वेळ आली. बाबांचं कणकवलीच्या बाजारात भांड्यांचं दुकान. त्यांचा एकच सवाल होता, "चेडवा, तू डॉक्टर होतलस काय? मगे बायोलॉजी कित्याक होयी? कॉम्प्युटर घे." विषय बदलायला शनिवारपर्यंत मुदत होती, आणि शनिवारी सकाळी बाबा अर्ज घेऊन स्वतःच कॉलेजकडे निघाले. मी रडकुंडीला येऊन त्यांच्या मागे.

पहिल्याच तासाला बायोलॉजीच्या मॅडमनी विचारलं होतं, जिवंत म्हणजे काय? हलतं ते, असं कुणी म्हणालं, तर म्हणे एसटीही हलते. वाढतं ते, असं मी म्हणाले, तर म्हणे शिरोड्याच्या मिठागरातला खडाही वाढतो. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. उत्तर मिळायच्या आधीच विषय सुटणार म्हणून मी बाबांवर मनातल्या मनात भयंकर चिडले होते.

वाटेत बाबांनी मासळी बाजारात थांबून तिसऱ्या घेतल्या. खाडीतल्या या शिंपल्यांचं, मांसाकडची एक शिंप तशीच ठेवून केलेलं एकशिपी कालवण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ती पिशवी घेऊनच ते प्रयोगशाळेत शिरले, अर्जावर मॅडमची सही हवी होती ना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलावर पाणी गळायला लागलं.

मॅडमनी पिशवीत डोकावून आ वासलेली एक शिंपली उचलली. बाबा लगेच कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "ती मेलेली आहे मॅडम. टकटक केलं तरी मिटत नाही. ती आम्ही टाकून देतो."

"नक्की मेलेली?"

"आमचा जन्म तिसऱ्या खाण्यात गेला."

मॅडमनी चिमट्याने आतल्या कल्ल्याचा कणभर तुकडा काढला, पिशवीतल्याच खाऱ्या पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मायक्रोस्कोप बाबांच्या पुढे सरकवला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा गच्च मिटला. मग कचेरीतली मराठी कुठल्या कुठे गेली.

"अगो, हलता हा ह्यां."

मी त्यांना जवळजवळ ढकललंच. काठावर बारीक केसांची रांग होती आणि ते केस एकामागून एक वाकत होते, वाऱ्यावर भाताचं शेत हलतं तसे. माझ्या अंगावर काटा आला. मॅडम म्हणाल्या, एकेक पेशी अजून आपलं काम करतेय. शिंपली मेली हे पेशींना कुणी कळवलेलं नाही. साठवलेली शक्ती संपेपर्यंत त्या चालू राहतील.

"मगे ही जिती काय मेलेली?" बाबांनी विचारलं.

"हेच तर दोन वर्षं शिकायचंय," मॅडम म्हणाल्या. "आणि असेच केस तुमच्या श्वासनळीतही आहेत. धूळ, कफ वर ढकलतात. तुमची आणि हिची फार जुनी सोयरीक आहे."

बाबांनी गळ्याला हात लावला आणि पुन्हा डोळा भिंगाला लावला. पुढच्या तासाची मुलं दारात खोळंबली, तरी ते हलेनात. शेवटी मीच त्यांना ओढून बाहेर काढलं.

सही झाली की नाही, ते मला कळलंच नव्हतं, आणि विचारायचा धीर होईना. स्कूटरवर बाबा मध्येच एकदा मुद्दाम खोकले. अर्ज खिशात होता आणि मुदत अजून संपली नव्हती.

घरी आई तिसऱ्या निवडायला बसली. "अर्ज दिलात मां?" तिने विचारलं. बाबा वाकून शिंपल्या बघू लागले. आईने एक उघडी शिंपली वाजवून पाहिली, ती मिटेना, तशी तिने टाकायला हात उचलला.

"रव गो," बाबा म्हणाले. "ती टाकू नको. चेडवाक अजून दोन वर्सां ह्याच शिकूचा आसा."