डार्करूममधली प्रॅक्टिकल

आमच्या कामाला एक अंधारी खोली, एक बारीक उजेड आणि दोन अनोळखी माणसं लागतात. पेशंटच्या इतक्या जवळ बसावं लागतं की त्याने सकाळी मिसळ खाल्ली की भेळ, तेही कळतं! अशा खोलीत वर्षं काढली की किस्से साठणारच. मी सांगायला लागले की घरचे म्हणतात, "झाली हिची सुरू!" म्हणू देत. माझं डोकं लवकर तापतं आणि तोंड त्याहून लवकर सुटतं, याची त्यांना सवय आहे.

ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे काय, हेही रोज कुणाला तरी सांगावं लागतं. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, आणि चष्म्याने भागणार नाही असं दिसलं की डॉक्टरकडे पाठवायचं. त्यासाठी बारावी सायन्स, मग तीन वर्षं कॉलेज, मग वर्षभर इंटर्नशिप, मग डिग्री, मग कौन्सिलकडे नोंदणी. एक पायरी अडली की पुढचं सगळं अडलं. माझी तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल अडली होती.

आता आमच्या अण्णांचा उत्साह बघा. माझे वडील राहुरीजवळ ऊस आणि कांदा करतात. मी दुसऱ्या वर्षाला असतानाच त्यांनी बाजारपेठेत गाळा बघितला आणि बोर्ड रंगवून आणला. 'स्वाती नेत्र तपासणी केंद्र'! मी नापास झाले तेव्हा तो बोर्ड गोठ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा केला होता. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण सुट्टीला घरी गेले की धार काढायला मी काही त्या गोठ्यात जात नव्हते.

* * *

आमच्या कंपूत तिघं. मी, राजूरचा गणेश आणि नगरची मृणाल. मृणालच्या घरात सगळे शिक्षक, त्यामुळे ती जन्मतःच पास. गणेश डोंगरातला, आवाज असा की ओपीडीत बोलला तर गेटवरचा वॉचमन "ओ" द्यायचा.

पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांवरच शिकायचो. एका शनिवारी बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स कुणाच्या डोळ्यात घालायचे, असा प्रश्न आला. गणेश म्हणाला, "घाला माझ्या! आपल्याला काय हुतंय!"

ड्रॉप्स घालून घेतले आणि पठ्ठ्या तसाच गावी जायला स्टँडवर गेला. बाहेर कडक ऊन, बाहुल्या सताड उघड्या, गाडीचा बोर्ड म्हणजे नुसता पांढरा लखलखाट. अंदाजाने चढला. कंडक्टरने तिकिटाला हात पुढे केला तेव्हा कळलं, गाडी शेवगावची! राजूर एका टोकाला, शेवगाव दुसऱ्या टोकाला.

उलटा फिरून, तीन गाड्या बदलून घरी पोचला. आईने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि आधी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "बघा वो, डोळ्याचं शिकाया गेलं आन डोळंच घालवून आलं!"

* * *

राजूरलाच आमचा कॅम्प होता. बाजाराचा दिवस, शाळेच्या वर्गात टेबलं मांडलेली. एक आजोबा नुसते भावकीतल्या कुणाला सोबत म्हणून आले होते. मृणालने सहज म्हणून त्यांच्या डोळ्यांचं प्रेशर बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. परत बघितलं. मग मला बोलावलं. आकडा खरा होता. असं प्रेशर राहिलं तर तो डोळा थोड्या दिवसांचा सोबती.

कुलकर्णी मॅडम, म्हणजे आमच्या टीचर, म्हणाल्या की आजच्या आज आपल्या गाडीतून नगरला घेऊन चला. आजोबा उठले आणि चपला शोधायला लागले. "न्हाई जमायचं. बैल घेतलाय बाजारात, त्यो कोन न्हील?"

मृणाल कधी मोठ्याने बोलत नाही. तिने हात जोडले, समजावलं, डोळ्यात पाणी आणलं. आजोबा ढिम्म. "आगं पोरी, एक डोळा गेला तर गेला. दुसरा हाय की!"

तेव्हा मृणाल जी उखडली! "मग आजोबा, एक पाय पण इथंच ठेवून जा. दुसरा आहे की!"

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग चपला घातल्या, दाराबाहेर जाऊन कुणाला तरी बैलाचा कासरा दिला आणि आमच्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसले. डोळा वाचला.

* * *

भिंगारचे एक रिटायर्ड सुभेदार काका ओपीडीला आले तेव्हा कुलकर्णी मॅडम माझ्या मागे उभ्या राहून मार्क देत होत्या. काका खुर्चीत ताठ. मी काचा बदलत विचारलं, "काका, हे चांगलं दिसतं की हे?"

"दोन्ही ठीक."

"बरं, आता हे की हे?"

"दुसरं ठीक."

असं चाललंय, चाललंय, आणि नंबर काही जुळेना. मॅडमचं पेन मागे टकटक करतंय. शेवटी माझं सुटलंच. "काका, ऑर्डर समजा! खरं सांगा, समोरची अक्षरं दिसतात का?"

"नाही! पहिल्यापासून काहीच दिसत नाही!"

"अहो, मग सांगायचं ना!"

"तुम्ही दोनातलं बरं कोणतं एवढंच विचारलं, मॅडम. जेवढं विचारलं तेवढंच सांगायची आपली सवय!"

मॅडमनी काय मार्क दिले ते विचारू नका.

* * *

आता माझ्या नापास होण्याचा किस्सा. सांगते, त्यात काय लाजायचं.

रेटिनोस्कोप म्हणून एक टॉर्चसारखं यंत्र असतं. त्याचा उजेड डोळ्यात हलवायचा, आत चमक कशी हलते ते बघत काचा लावायच्या, म्हणजे पेशंटने तोंड न उघडता नंबर कळतो. फक्त एक गोम आहे. आपण पेशंटपासून हातभर लांब बसलेलो असतो, त्या अंतराचा हिशोब शेवटी वजा करायचा. हे विसरत नाही असा विद्यार्थी अजून जन्माला यायचाय. पण लोक वर्गात विसरतात. मी परीक्षेत विसरले.

बाहेरून आलेले परीक्षक आष्टेकर सर. त्यांचं नाव काढलं तरी जुन्या बॅचेस कान पकडतात. कधी हसत नाहीत, कधी ओरडत नाहीत, फक्त "बरं, पुढे" म्हणतात. त्या "पुढे"ला माणूस अर्धा मरतो.

मला एक आजी आल्या होत्या. मी मन लावून नंबर काढला, वजाबाकी न करता तसाच काचांचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. सरांनी विचारलं, "आजी, कसं दिसतंय?"

आजींनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाल्या, "दिसत न्हाई काय बी, पर चष्मा लई चांगला हाय!"

"बरं, पुढे," सर म्हणाले.

गणेशही त्याच दिवशी नापास झाला. समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. त्याने तपासलं सगळं बरोबर आणि लिहिलं उजव्याचं डाव्याला, डाव्याचं उजव्याला! मृणाल तेवढी पास झाली आणि कॉलेजच्याच हॉस्पिटलात इंटर्न म्हणून लागली. पांढरा कोट घालून ती ओपीडीत फिरायची आणि आम्ही दोघं तिला खिडकीतून बघायचो. मला तिचा राग यायचा. कोट माझाही असायला हवा होता, दुसरं काय!

* * *

आणि मग ती दुसरी प्रॅक्टिकल. यावेळी गेली असती तर आख्खं वर्ष गेलं असतं आणि इंटर्नशिपची जागाही. अण्णांनी गाळा अजून धरून ठेवला होता, पण मालक किती दिवस थांबणार? आदल्या दिवशी आईचा फोन आला. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. परीक्षेचं नाव काढलं नाही. त्यानेच माझी झोप उडाली.

परीक्षक पुन्हा आष्टेकर सर!

रोल नंबरने गणेश आधी, मी सगळ्यात शेवटी. आमच्यापर्यंत येईतो पेशंट संपले. राहिलेला एकजण चहाला म्हणून गेला तो स्टँडवरूनच घरी गेला. मृणाल पांढरा कोट घालून धावपळ करत होती, पण दुपारच्या वेळी पेशंट आणायचा कुठून? कुलकर्णी मॅडम दारात येऊन गणेशला म्हणाल्या, "चल आत. सर स्वतःच बसतायत खुर्चीत."

गणेशचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपलं आता याचं.

थोड्या वेळाने गडी बाहेर आला तो हसतच! "आगं, लई सोपं! सरांचं डोळं एकदम फस्क्लास! पार शेवटच्या वळीपतुर वाचत्यात. दोन्ही डोळं सिक्स बाय सिक्स. मी लिवलं, सर 'बरं' म्हनले. 'पुढे' म्हनलेच न्हाईत!"

सिक्स बाय सिक्स म्हणजे नजर पूर्ण चांगली. मृणालने माझा हात दाबला. "ऐक. तुझ्यापुढेही सरच बसणार. डोकं चालवू नकोस, गणेशने लिहिलं तेच लिही, आणि पास हो. तुझ्या तोंडाला आज सुट्टी दे." गणेश खिशातून मोबाईल काढत लांब गेलासुद्धा.

मी आत गेले. अंधार. समोरच्या भिंतीवर तेवढा चार्टचा उजेड. सर खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसलेले. कुलकर्णी मॅडम कोपऱ्यात. मी चार्टवरची अक्षरं दाखवायची छडी उचलली आणि चार्टशेजारी उभी राहिले.

"सर, काही त्रास?"

"नाही."

मी त्यांना डावा डोळा झाकायला पट्टी दिली, उजव्याने वाचायला सांगितलं. मी छडी ठेवेन त्या ओळीवर सर थांबत, वाचत, पुढे जात. शेवटची ओळ जरा डोळा बारीक करून वाचली. छान.

मग उजवा झाकला. आता डावा. मी छडी पहिल्या अक्षरावर ठेवली. सरांनी वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसऱ्या ओळीवर मी छडी ठेवायच्या आधीच ती वाचून झाली होती. आवाज एकसारखा. ना थांबणं, ना डोळा बारीक करणं.

मी चार्ट सोडून सरांकडे बघायला लागले. कारण तो चार्ट मलाही पाठ आहे. गणेशला पाठ आहे, मॅडमना पाठ आहे. आमच्या धंद्यात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, माणूस वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवेल!

मी छडी उचलली आणि परत पहिल्या, हाताएवढ्या मोठ्या अक्षरावर ठेवली. सरांनी चौथी ओळ वाचली.

कोपऱ्यात मॅडम हलल्या. मी बघितलं. त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, नको म्हणून.

"झालं ना?" सर म्हणाले. "लिही. सिक्स बाय सिक्स."

पेन माझ्या हातात होतं. कागद समोर होता. लिहिलं असतं तर सुटले असते. गणेशने तेच लिहिलं होतं, सरांनी ते घेतलं होतं, आणि आता सर स्वतः सांगत होते. एवढ्या मोठ्या माणसाला मी काय सांगणार? चूक ठरलं तर हा उद्धटपणा, आणि मग पुढच्या वर्षी पण हेच सर! मला रडू येत होतं आणि रागही येत होता. सरांचा, मॅडमचा, त्या चहाला गेलेल्या पेशंटचा.

मी पेन खाली ठेवलं. चार्टपासून चालत सरांच्या समोर आले, तीन पावलांवर उभी राहिले आणि हात वर करून दोन बोटं धरली. हे आम्ही कधी करतो, तर पेशंटला चार्टवरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसत नसेल तेव्हा. परीक्षकाला हे विचारणं म्हणजे हेडमास्तरला बाराखडी म्हणायला लावणं!

"सर, उजवा डोळा झाकलेलाच ठेवा. किती बोटं आहेत?"

"स्वाती!" मॅडम म्हणाल्या.

मी दोन बोटं धरून उभी. हात दुखायला लागला. बाहेर पॅसेजमध्ये गणेशचा आवाज घुमत होता, "व्हय व्हय, पास! आता पेढंच वाट!"

मग सर शांतपणे म्हणाले, "अगं, दाखव ना बोटं. किती वेळ वाट बघू?"

माझा हात आपोआप खाली आला. मी टेबलाशी गेले, कागद ओढला आणि डाव्या डोळ्यापुढे जे खरं होतं ते लिहिलं, बोटंही दिसत नाहीत. अक्षर वेडंवाकडं आलं. सरांनी उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली, माझा कागद घेतला, चार्टच्या उजेडात धरून वाचला आणि सही केली. मग कोपऱ्यात बघून म्हणाले,

"मॅडम, मघाच्या मुलाने मला दोन्ही डोळे देऊन टाकले होते. हिने एक काढून घेतला. हिला इंटर्नशिपला उद्यापासून घ्या. आणि तो बाहेर फोनवर ओरडतोय ना, त्याला परत आत बोलवा."