माह्या भेवासाठी

आज सकाळी बागेच्या फाटकातून आत शिरलो आणि ऑईल पेंटचा वास आला. व्यायामाच्या यंत्रांना नवा रंग द्यायला घेतला आहे. गंज खरवडून काढल्याची तांबूस भुकटी फरशीवर पसरली होती, चक्राचा अर्धा भाग पिवळा झाला होता आणि अर्धा अजून उघडा, राखाडी होता. रंगवणाऱ्या माणसाने हातानेच मला लांब राहायची खूण केली. मी लांबच राहिलो, पण तो वास माझ्या ओळखीचा होता. ही यंत्रं वाशीमच्या या बागेत नवीकोरी बसवली तेव्हाही त्यांना असाच वास यायचा. त्या हिवाळ्यात मी उठल्यापासून झोपेपर्यंत घाबरलेला असायचो. भीतीलाही वास असतो हे तुम्हांला पटेल की नाही कोण जाणे. माझ्या भीतीला ओल्या रंगाचा वास आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास कचेरीत फाईल बांधता बांधता माझ्या छातीत दुखलं. तहसिलीतली माझी नोकरी संपायला वर्ष उरलं होतं. सहकाऱ्यांनी जीपमध्ये घालून अकोल्याला नेलं, तिथे हृदयाच्या नळ्यांमध्ये दोन स्टेंट बसवले आणि पाचव्या दिवशी घरी पाठवलं. तुम्ही आता ठणठणीत आहात, रोज फिरा, हलका व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली. माझी तिथे सुरू झाली. जे हृदय सत्तावन्न वर्षं मला न विचारता चालत होतं, त्याच्यावर आता मला पहारा द्यावासा वाटू लागला. जेवताना, बोलताना, कुणाच्या लग्नात अक्षता टाकताना माझी दोन बोटं नकळत मनगटावर जायची. मी न्हाणीघराची कडी लावणं सोडून दिलं. डाव्या कुशीवर निजेनासा झालो, कारण त्या कुशीवर ठोके उशीतून ऐकू येत. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांत तिचं स्वतःचं भय होतंच, त्यात माझं कुठे ओतायचं?

डॉक्टरांच्या धाकाने मी बागेत जाऊ लागलो. पण बागेत गेलो तरी माझं लक्ष झाडांकडे नसायचं, फाटकाकडे असायचं. पाण्याच्या टाकीपासून फाटक एकशे ऐंशी पावलं, कडुनिंबाखालच्या बाकापासून नव्वद, यंत्रांपासून साठ. फाटकाबाहेर सकाळी सहापासून एक ऑटो उभा असतो, हेही मी पाहून ठेवलं होतं. शर्टाच्या खिशात जिभेखाली धरायची गोळी आणि मुलाचा फोननंबर लिहिलेली चिठ्ठी असायची. माझ्या वयाची माणसं त्या नव्या यंत्रांवर पोरांसारखी लटकत, एकमेकांना हसत, उगाच मोठमोठ्याने श्वास सोडत. मी यंत्रांच्या जवळच्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघायचो. हात लावायची छाती होत नव्हती, अगदी शब्दशः.

तिथेच ती मला प्रथम दिसली. पन्नाशीची, सडसडीत, नेसूचं लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, अंगात नवऱ्याचं असावं असं तपकिरी स्वेटर आणि पायांत पांढरे बूट. शहराच्या कडेला त्यांची तीन एकर बागायत होती. नवरा-बायको पहाटेच मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन भाजीच्या हर्रासाला, लिलावाला यायचे. माल उतरला की पुढचं बोली-बिलीचं काम नवऱ्याकडे. तेवढा अर्धा-पाऊण तास ती बागेत यायची. हवेत चालायचं जे यंत्र असतं, दोन लोंबत्या पायऱ्यांचं, त्यावर उभी राहून ती पाय पुढेमागे करायची. चेहरा असा गंभीर, की जणू खरंच कुठे तरी पोचायचं आहे. बाकीच्या बायका तिला हसत. दिवसभर वावरात राबणारीला कसला आलाय व्यायाम, असं म्हणत. ती ऐकून घ्यायची आणि पाय चालवत राहायची.

एक दिवस तिने यंत्रावरूनच मला विचारलं, "भाऊ, रोज पाह्यतो तुमाले. मशीनले हात लावत नाई. काहून?"

मी म्हणालो, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय.

"डॉक्टरनं सांगतलं, का भेवानं?"

तिने हे हसून विचारलं असतं तर मी उठून गेलो असतो. पण ती हसली नव्हती. आणि जे मी बायकोला, मुलाला, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईला, ती पाय हलवत असताना, सगळं सांगून टाकलं. कडी न लावलेल्या न्हाणीघरापर्यंत सगळं. मग यंत्र थांबवून खाली उतरली आणि तिने तिचं सांगितलं. तिचं माहेर कामरगावकडचं. आईला शुगर होती, पायाला साधी जखम झाली, ती चिघळत गेली आणि गुडघ्याखालून पाय कापावा लागला. त्यानंतर आई चार वर्षं खाटेवर होती. आता हिलाही शुगर निघाली होती. रोज संध्याकाळी पाय धुताना ती तळव्यावर बोट फिरवून बघायची, कुठे काही लागलंय का, आणि लागलेलं आपल्याला कळतंय का.

"वावरातलं काम वावरासाठी," ती म्हणाली, "हे माह्या पायासाठी."

दुसऱ्या दिवशी मी खांद्याच्या व्यायामाचं ते मोठं चक्र धरलं. लोखंड थंडगार होतं. सात वेळा फिरवलं आणि बाकावर येऊन बसलो. ती लांबून पाहत होती. पुढच्या आठवड्यात मी विसांवर गेलो. भीती गेली होती असं नाही. पण माझ्यासारखंच घाबरलेलं एक माणूस दहा हातांवर आहे, एवढ्यावर माणूस काय काय करू शकतो! महिनाभर आम्ही असे शेजारी शेजारी आपापली भीती घेऊन व्यायाम करत होतो. बोलणं फार नसायचं. मेथीला धुईचा, म्हणजे धुक्याचा त्रास, थंडीने वांगी वाढेनात, असलं काहीबाही. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, तिनेही माझं विचारलं नाही.

पौषातली ती सकाळ फार गारठ्याची होती. झाडांचे शेंडे धुक्यात बुडालेले, यंत्रांच्या दांड्यांवर दव. ती आली, यंत्रावर चढली, आणि दहा-बारा झोके घेऊन उतरली. यंत्राखालच्या ओट्यावर बसली. मला वाटलं बूट सैल झाला असेल. मग पाहिलं तर तिने गाल तळहाताने दाबून धरला होता. विचारलं, तेव्हा म्हणाली, कालपासून दाढ ठणकून राह्यली, पाठीतबी भरून आल्यासारखं होते. बोलताना तिच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला. लोकांच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि तिच्या स्वेटरचा गळा घामाने भिजला होता.

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते. मला कळलं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात बाजूच्या खाटेवरची बाई अशीच दाढदुखी म्हणून आली होती. तिच्या छातीत कधी दुखलंच नव्हतं. मला कळलं, आणि माझी बोटं आधी माझ्याच मनगटावर गेली. मला तिथून निघून जावंसं वाटलं. त्या क्षणी तिच्या जवळ थांबणं म्हणजे मी इतके दिवस ज्याच्यापासून पळत होतो, त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहणं होतं. शिवाय चूक निघाली तर? दाढच दुखत असेल तर? स्वतःला झालं म्हणून याला सगळ्या जगातच तेच दिसतं, असं लोक म्हणतील. घरचीही म्हणेल. हे सगळं मनात यायला किती वेळ लागला असेल? तीन-चार श्वास. पण ते तीन-चार श्वास मी घेतले, हे खरं आहे.

मग म्हणालो, ताई, दवाखान्यात जाऊ. तिने नकाराची मान हलवली. पित्त झालं असन, घरी जाऊन लिंबूपाणी घेतो, म्हणाली. हर्रास सुटायची वेळ झाली, नवरा वाट पाहत असेल, रिकामे कॅरेट गाडीत टाकायचेत. ती उठायला लागली आणि पुन्हा बसली. मी तिला माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईची हकीकत सांगितली, तर म्हणाली, तुमाले तेच दिसते भाऊ, तुमचं होऊन गेलं ना. मला माझाच संशय तिच्या तोंडून ऐकू आला. माझ्याजवळचे सगळे शब्द संपले होते. उरलं होतं ते एकच, आणि ते खरं होतं.

"तुमाले काई झालं नसन, ताई," मी म्हणालो. "पण मले भेव वाटून राह्यलं. तुमच्यासाठी नका येऊ. माह्या भेवासाठी चाला."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं मनगटावर होती, ते लपवायचं मी सोडून दिलं होतं. "चाला मंग," ती म्हणाली, जणू घाबरलेल्या लेकराची समजूत काढावी तशी.

साठ पावलं होती. ती पदर सावरत, मधे एकदा खांबाला टेकून चालली. ऑटोत बसल्यावर मी खिशातली गोळी चाचपली आणि हात मागे घेतला. ती माझ्यासाठी लिहून दिलेली होती, दुसऱ्याच्या जिभेखाली घालायचा अधिकार मला नव्हता. ती बाहेर धुक्याकडे पाहत होती आणि मी तिच्या स्वेटरकडे, श्वासाने ते वर-खाली होतंय ना, एवढंच पाहत होतो.

तरुण डॉक्टर होता. त्याने छातीला वायरी लावल्या, कागद सरसर बाहेर आला, आणि तो वाचता वाचताच त्याने नर्सला इंजेक्शन आणायला सांगितलं. मग मला विचारलं, तुम्ही कोण यांचे? बागेत येतात, एवढं म्हणालो. अटॅक चालू आहे, तो म्हणाला, तासभर उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. मी ऑटोवाल्याला हर्रासात पाठवून नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याच्या स्वेटरला मेथीची पानं चिकटलेली होती. भिंतीला पाठ लावून तो खालीच बसला, आणि त्याने मला विचारलं, "वाचन का?" जणू ती वाचेल की नाही, ते ठरवणं माझ्या हातात होतं. अर्ध्या तासात ॲम्ब्युलन्स तिला घेऊन अकोल्याकडे गेली. मी रस्त्यावर उभा राहिलो.

यानंतर मी काय करायला हवं होतं, ते तुम्ही सांगाल. हर्रासात जाऊन चौकशी करायला हवी होती. मी गेलो नाही. विचारलं नाही तोवर ती जिवंत आहे, असा काही तरी हिशेब माझ्या मनाने मांडला होता. बागेत जाणं बंद केलं. बाजाराच्या रस्त्याने जाणं टाळलं. बायको भाजी आणायला निघाली की वाटायचं, ही काही बातमी घेऊन येते की काय. असे पंचवीस दिवस काढले. सव्विसाव्या दिवशी सकाळी उठलो, बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, आणि आम्ही दोघं हर्रासात गेलो. तिचा नवरा गोणपाटावर वांग्यांचा ढीग लावत होता. मला पाहून उठला आणि हात पुसत म्हणाला, "घरी हाये. तुमाले इचारते रोज." मी तिथल्याच एका पोत्यावर बसलो. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

होळीनंतर ती बागेत आली. मला वाटलं होतं, ती पूर्वीसारखीच यंत्रावर चढेल. पण ती बाकावर बसली. पायांच्या काळजीपेक्षा मोठी काळजी आता तिच्या छातीत राहायला आली होती. विहिरीवरची मोटर सुरू करायला ती एकटी जात नव्हती. वावराच्या त्या टोकाला काही झालं, तर हाक मारली तरी ऐकू येणार नाही, हे सारखं मनात येतं म्हणाली. नवरा हर्रासात, विजेची लाईन सकाळी तेवढाच वेळ, मेथी सुकायला लागलेली. हे कधी जाते, भाऊ? तिने मला विचारलं. जात नाही, असं मला सांगता येईना. जातं, असंही सांगता येईना.

म्हणून एका सकाळी मी तिच्या वावरात गेलो. तिने मला बांधावर उभं केलं, इथंच राहा म्हणाली, आणि ती निघाली. वाटेत दोडक्याचा मोठा मांडव होता. त्याच्याआड ती गेली आणि दिसेनाशी झाली. वारा नव्हता, पाखरं बोलत होती, आणि मांडवापलीकडून कसलाच आवाज येत नव्हता. हाक मारावी असं फार वाटलं. मारली नाही. मग मोटरीची घरघर सुरू झाली, पाईप थरथरला, आणि पाणी येऊन सरीत पडलं. बऱ्याच वेळाने ती मांडवातून बाहेर आली, सावकाश, ओल्या पायांनी.

"उद्या तुमी नका येऊ," ती म्हणाली. "उद्या मी एकटी पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी घरी चहाचा कप घेऊन बसलो होतो. चहा निवून गेला. आता ती मांडवापाशी असेल, आता पलीकडे, आता बटण दाबलं असेल. या गोष्टीला चार वर्षं झाली. ती ठीक आहे, तिची भाजी आमच्या घरी येते. मीही ठीक आहे. तरी सात वाजले की हातातलं काम क्षणभर थांबतं आणि मी कान देतो. शहराच्या त्या टोकाचं पाणी इथे ऐकू येणार नाही, हे माहीत असूनही.