जवसाच्या तेलाचा पांगुळगाडा

रविवारची सकाळ होती. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि माझी दहा महिन्यांची मुलगी बाहेरच्या खोलीत तिच्या वॉकरमध्ये. कॉलेजातल्या मैत्रिणींनी मिळून दिलेला हा वॉकर लाल-हिरवा रंग दिलेल्या प्लास्टिकचा होता, समोरचं बटन दाबलं की गाणं म्हणायचा. बराच वेळ गाणं नाही, आवाज नाही, म्हणून मी पिठाच्या हातांनीच डोकावले, तर बाईसाहेबांचे ओठ हिरवेगार! नुकत्याच आलेल्या चार दातांनी तिनं वॉकरच्या कडेचा रंग खरवडला होता आणि डोळे मिटून चवीनं चघळत होती.

मी तिला उचललं, तोंड धुतलं, जिभेवरून बोट फिरवून हिरवे कण काढले. मी नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. कुठल्या रंगात काय काय असू शकतं हे बाटल्यांवरची लेबलं पुसता पुसता मला पाठ झालंय. आणि माझ्याच घरात माझी पोर रंग खात होती.

वॉकरच्या कडेला मी फडकं गुंडाळलं, पण दोन दिवसांनी तोच वॉकर उंबऱ्याला अडकून कलंडला. कपाळाला टेंगूळ आलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, काही विशेष नाही म्हणाल्या, पण वॉकरचं ऐकून त्यांनी मान हलवली. "तो आजच घरातून काढा. धरून उभी राहते ना ती? मग ढकलत चालायला काहीतरी द्या, तुम्ही जवळ बसून. आणि जे द्याल ते ती आधी खाणार, एवढं लक्षात ठेवा."

रिक्षात बसल्या बसल्या मला एकदम आठवलं, पांगुळगाडा! तीन चाकं, वर धरायला आडवी दांडी, सगळं लाकडाचं. चाकूरला आमच्या गल्लीतली सगळी लेकरं त्यावर चालायला शिकली होती आणि ते सगळे गाडे आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी केले होते. आबा सुतार. पण लोक रेडिमेड दारं आणि प्लायवूडची कपाटं घ्यायला लागले, तसं काम आटत गेलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी हत्यारं पोत्यात बांधून पलंगाखाली सरकवली. तेव्हापासून ते ओट्यावर बसून रस्ता बघायचे. मी फोन केला की "बरं हाय" म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे.

मी रिक्षातूनच फोन लावला. "आबा, तुमच्या नातीला पांगुळगाडा करता का?"

मला वाटलं, आता फोन आईकडे जाणार.

"माप सांग," आबा म्हणाले.

"कशाचं माप?"

"पोरगी उभी ऱ्हायल्यावर तिची छाती जमिनीपासून किती उंच हाय, ते. दांडी तिथं पायजे. खाली झाली तर वाकंल, वर झाली तर लोंबकळंल. कामून गप बसली? घरी जाऊन मोज."

दहा महिन्यांच्या पोरीला मोजणं म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी कळलं. मी टेप लावला की ती टेप तोंडात घालायची. माझे यजमान उमरीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, पहिलीची सत्तर लेकरं सांभाळतात, पण इथं त्यांनी हात टेकले. शेवटी त्यांनी तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि मी पेन्सिलनं पटकन खूण केली. ती खूण मोजून आबांना कळवली.

"आणि मामा, जरा घाई करा," यजमान फोनवर ओरडले. "ही भिंत धरून सरकून राहिली. आज-उद्या चालंल!"

झालं, शर्यत सुरू झाली. रोज सकाळी आबांचा फोन. "चालली का?" "नाही आबा." "बरं बरं." आणि आई मागून सांगायची की हत्यारं पोत्यातून निघाली, गंजलेल्या पटाशीला धार लागली, जेवायला चार हाका माराव्या लागतात.

पुढच्या शनिवारी मी मुलीला घेऊन चाकूरला गेले. अंगणात आबा रंधा मारत होते. लाकडाच्या कुरळ्या सालींचा ढीग पडला होता आणि आबांच्या भुवयासुद्धा भुशानं पांढऱ्या झाल्या होत्या. मला बघून त्यांनी हसून भिंतीला टेकवलेली फळी दाखवली. "सागवान हाय. जुन्या दाराचं. असं लाकूड आता मिळतच न्हाई."

फळीवर निळ्या ऑइलपेंटचे पोपडे होते.

"आबा, हे नको."

"नको म्हंजे काय?"

"जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घासलं तर भुशातून उडेल. तुमच्या छातीत जाईल, हिच्या पोटात जाईल."

आबांनी रंधा खाली ठेवला. "याच दारातून तू ये-जा करून वाढली. मेली का?"

ते उठून ओट्यावर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून. मला स्वतःचाच राग आला. सहा वर्षांनी माणूस हत्यार हातात घेतो आणि मी येऊन त्याला शिसं शिकवते.

आईनं मुलीला कडेवर घेतलं आणि आबांच्या मांडीवर नेऊन बसवलं. पोरीनं पहिलं काम काय केलं? आबांच्या कानावर अडकवलेली पेन्सिल ओढली आणि सरळ तोंडात. आबांनी ती काढून घेतली. मग तिनं त्यांच्या सदऱ्याचं बटन चावलं. मग काठीची मूठ. आबा बघत राहिले.

"हे तर सगळंच खातंय की गं!"

"तेच तर सांगते आबा."

ते उठले आणि परसात गेले. तिथे बांधावरच्या कडुनिंबाचा बुंधा पडलेला होता. दोन वर्षांपूर्वी वाऱ्यानं झाड पडलं, तेव्हा त्यांनी कापून आणून सावलीत वाळत टाकला होता. त्याला कधी रंग लागलाच नव्हता. आबांनी त्यावर चापट मारली, कान लावून आवाज ऐकला. "वाळलाय. गाडा याचाच करू. चाकं बाभळीची. आणि खिळा एकबी मारत न्हाई, सगळं लाकडी खुंट्यांनी बसवतो. चाटू दे किती चाटायचं ते."

मी इतकी खूश झाले की तिथंच टाळ्या वाजवल्या, आणि मुलगीही वाजवायला लागली.

तीन-चार दिवसांत सांगाडा उभा राहिला. आईनं फोटो पाठवला. मी तो प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवत फिरले. पण कोरं लाकूड पाण्यानं, लाळेनं फुगणार, त्याला काहीतरी लावायला हवं. आबा म्हणाले, बेल तेल लावतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं हे तेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, सुतार जन्मभर तेच वापरतात. मी नांदेडच्या दुकानात जाऊन डबा हातात घेतला, मागची बारीक अक्षरं वाचली. लवकर वाळावं म्हणून त्यात इतर द्रव्यं घातलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, दाराला लावायचं ना? मग काय वाचून राहिल्या?" मी डबा परत ठेवला.

फोनवर आबांना हे सांगताना माझा आवाज बारीक झाला होता. या वेळी मात्र ते रागावले नाहीत. "म्हंजे तेल तेच पायजे, पर त्यात काही घातलेलं नको. असंच ना?"

"हो."

"मग जेवणातलंच आणू की. जवसाची चटणी खाती ना आपण? त्याचंच तेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना त्यांचा फोन आला. मागे कसलीतरी करकर ऐकू येत होती. "मी लातूरला हाय!" आबा ओरडत होते. "लाकडी घाण्यावर. इथल्या माणसाला सांगितलं, माझ्या डोळ्यांसमोर काढ. नवं जवस हाय, यंदाचं. आता धार पडायली बग, पिवळीधम्म! वास घे!" फोनवरून वास कसा घेणार, पण मी खरंच श्वास ओढला, आणि समोरची अकरावीची मुलं माझ्याकडे बघत राहिली.

कच्चं तेल वाळायला वेळ लागतो, हीच अडचण होती. आबा फडक्यानं पातळ हात द्यायचे, गाडा गच्चीवर उन्हात ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा हात. फेब्रुवारी संपून ऊन चांगलं तापलं होतं, म्हणून बरं. इकडे मुलगी आता एक हात सोडून उभी राहायची. सकाळच्या फोनवर आबांचा प्रश्नही बदलला. "चालली न्हाई ना?" म्हणायचे.

शेवटी एका शुक्रवारी आबा आणि आई बसनं नांदेडला आले. मी आणायला स्टँडवर गेले. गर्दीतून आबा गाडा छातीशी धरून उतरले आणि त्यांच्या मागून दोन म्हाताऱ्या अजून त्यांना सांगतच होत्या की आमच्या गावात असा असायचा, तसा असायचा. गाडा मधाच्या रंगाचा झाला होता. कडा इतक्या गुळगुळीत की हात फिरवतच राहावंसं वाटावं. चाकाच्या आसाजवळ एक छोटी लाकडी जीभ बसवली होती, चाक फिरलं की ती टकटक वाजायची.

घरी आल्यावर मुलीसमोर गाडा ठेवला. आम्ही चौघं भोवती बसलो. ती रांगत आली, दांडी धरून उभी राहिली, आणि अपेक्षेप्रमाणे दांडीला तोंड लावून चाटायला लागली. आई हसून हसून बेजार. मग तिनं पाऊल टाकलं आणि गाडा आमच्या चकचकीत फरशीवरून सर्रकन पुढे पळाला. पोरगी धप्पकन बसली. क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

आबांचा चेहरा पडला. "चाकूरला आपली जमीन खरबरीत. इथं ही काच हाय." त्यांनी गाडा उलटा केला आणि चाकं बघत बसले. यजमान म्हणाले, "मामा, सायकलच्या ट्यूबची पट्टी लावू का?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "नगं. ते बी खाईल."

त्यांनी पिशवीतून पटाशी काढली. दुपारभर बाल्कनीत बसून प्रत्येक चाकाच्या कडेला बारीक खाच पाडली. आईनं जाड सुती दोरी स्वच्छ धुऊन वाळवली. ती खाचेत ताणून गुंडाळली, टोकं लाकडी खुंटीनं आत ठोकली. पुढच्या आडव्या लाकडाला बाभळीचा एक जड ठोकळा बसवला. मग त्यांनी स्वतः बोटानं गाडा ढकलून पाहिला. पळाला नाही. बैलासारखा दमादमानं निघाला.

संध्याकाळी पाच वाजता मुलीला पुन्हा उभं केलं. ती आता गाड्याकडे संशयानं बघत होती. आबा समोर फरशीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी स्वतःच्या जिभेनंच टकटक आवाज काढला. ती हसली. दांडी धरली. एक पाऊल. टक. थांबली, आवाज कुठून आला म्हणून खाली वाकून बघितलं. दुसरं पाऊल, टक, टक. आणि मग तिला कळलं की हा आवाज आपणच काढतोय! जी निघाली ती थेट दारापर्यंत. मी तिच्या मागे हात पसरून, यजमान मोबाईल घेऊन उलटे चालत, आई "अगं माय, अगं माय" करत, आणि आबा बसल्या जागेवरून मोठ्यानं पावलं मोजत. एकोणीस! दाराशी वळता आलं नाही म्हणून ती रागानं ओरडली. आम्ही वळवून दिलं. पुन्हा सुरू. त्या दिवशी तिनं खोलीचे किती फेरे मारले देव जाणे. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि चहा तिथंच घेतला.

गाडा किती दिवस वापरला असेल? जेमतेम तीन आठवडे. एका सकाळी तो ढकलत ती खिडकीपाशी गेली, बाहेर भोरड्या पाखरांचा थवा उतरला होता. तो बघायला तिनं दांडी सोडली आणि सरळ चालत माझ्याकडे सांगायला आली, बोट खिडकीकडे करून. मी तिला मिठी मारली, नाचले, आणि मग माझं लक्ष मागे राहिलेल्या गाड्याकडे गेलं. एवढी मेहनत आणि तीनच आठवडे. आबांना कसं सांगायचं?

घाबरत घाबरत फोन केला. "आबा, तिनं गाडा सोडला. तशीच चालायली."

"ऐकलं का गं!" ते आईला हाका मारत सुटले. "सोडला म्हणं! पोरीनं गाडा सोडला!" मग मला म्हणाले, "अगं, सोडायसाठीच असतोय तो. किती दिवस लागले? तीन हप्ते? लई लवकर!"

गाडा आता आमच्या खालच्या मजल्यावर आहे. तिथल्या बाळाला अजून दोनच दात आहेत, ते दोन्ही त्यानं मागच्या चाकावर उमटवलेत. लातूरच्या जवसाचं उरलेलं तेल मी त्या घरी देऊन आले, महिन्यातून एकदा हात द्या म्हणून. आणि परवा कॉलेजातल्या एकीनं विचारलं, तिच्या उदगीरच्या बहिणीला जुळं आहे, आबा करून देतील का? मी फोन लावून दिला. आबांनी नमस्कारसुद्धा पूर्ण होऊ दिला नाही.

"दोघांचं माप सांगा," ते म्हणाले. "येगयेगळं."