मावशी दारापर्यंत आल्या होत्या

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या सरकारी रुग्णालयाचा प्रमुख म्हणून मी रुजू झालो, तेव्हा तिथे सफाई करणाऱ्या मावशींना सतरा वर्षं झाली होती. माझा तर पहिलाच महिना.

एका सकाळी मी वॉर्डात सिस्टरांशी बोलत असताना फरशी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "सायेब, या आजोबांनी कालपासून काय खाल्लं न्हाय."

मध्येच बोललेलं मला खटकलं. "मावशी, तुम्ही फरशीचं बघा. पेशंटचं आम्ही बघतो."

दोन-तीन नातेवाईक हसले. मावशी बादली उचलून बाहेर गेल्या. मला वाटलं, बरं झालं, शिस्त लागली.

दोनेक महिन्यांनी एक कोळीण आली. मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा हातात घुसून तळवा टरटरून सुजला होता. बाहेर गर्दी होती. मी मान वर न करताच विचारलं, "कसली अ‍ॅलर्जी?"

"न्हाय," ती म्हणाली. तो शब्द तिला कळला तरी का, हे मी पाहिलं नाही. इंजेक्शन लिहिलं, सिस्टरांनी दिलं. पाच मिनिटांत तिच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, डोळे फिरले. आम्ही सगळे धावलो. औषधं दिली, ऑक्सिजन लावला. हळूहळू ती सावरली.

दाराशी मावशी रडत उभ्या होत्या. ती बाई त्यांच्याच आळीतली. मागच्या वर्षी एका खासगी दवाखान्यात सुई घेतल्यावर तिला असंच झालं होतं, हे त्यांना माहीत होतं.

"मग मला सांगितलं का नाही?" मी ओरडलोच.

"सांगायलाच आले व्हते, सायेब. दारापर्यंत आले. मंग वाटलं, परत चार मानसांत बोलाल."

मी तिथून निघालो. केबिनमध्ये जाऊन केसपेपरवर लिहिलं, 'अ‍ॅलर्जी विचारली असता रुग्णाने नाही असे सांगितले.' शब्द न् शब्द खरा होता, आणि तो मी स्वतःला वाचवायला लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात, सगळ्यांसमोर मी मावशींची माफी मागितली. त्या संकोचून "असू द्या, असू द्या" म्हणत राहिल्या. पण पुढे कितीतरी दिवस मी जवळ गेलो की त्यांचं बोलणं थांबायचं. सिस्टरांचंही. एका माफीनं ते सुटणारं नव्हतं. रोज सकाळी मी प्रत्येकाला, मावशींनाही, विचारायला लागलो, "काल काय दिसलं?" पावसाळा सरता सरता कुठे त्या आपणहून एका पेशंटबद्दल सांगायला आल्या.

त्या कोळणीचं मात्र राहून गेलं. घरी जाताना ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "सायेब, तुमच्यामुळं जगले." यापुढे कुठल्याही डॉक्टरला काय सांगायचं ते मी तिला नीट समजावलं, चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

चूक माझी होती, एवढं सोडून सगळं सांगितलं.