सहा महिन्यांची ढाल

पद्मजाताईंच्या धायरीतल्या फ्लॅटमध्ये भिंतीवर एक ढाल आहे. म्हणजे जानेवारी ते जून असते. एक जुलैला त्या ती उतरवतात, जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवतात आणि भिंतीवर नुसता खिळा राहतो. पाहुण्यांनी विचारलंच, तर यजमान माधवराव सांगतात, "सध्या दुसऱ्या विजेतीकडे आहे." ही थट्टा ते चौतीस वर्षं करताहेत. पद्मजाताई एकदाही हसलेल्या नाहीत.

ढाल १९७९च्या डिसेंबरातली. मुलींची ब्लिट्झ बुद्धिबळ स्पर्धा, पाच-पाच मिनिटांचे डाव. शेवटच्या फेरीत समोर बुधवार पेठेतली जैनब. वर्षभर दोघी स्पर्धांमध्येच भेटत आणि दोन फेऱ्यांच्या मधे बुद्धिबळ सोडून बाकी सगळं बोलत. वयोमर्यादेमुळे ही दोघींची शेवटचीच स्पर्धा.

जैनबची वेळ संपत आली होती, तिच्या घड्याळाचा झेंडा पडायला आला होता. पडला की डाव पद्मजाचा. तेवढ्यात जैनब म्हणाली, "बरोबरी?"

पद्मजाने झेंड्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"दोन सेकंद गप्प बसली असतीस तर?" शेजारच्या पटावरून मंदाकिनीने विचारलं.

"ढाल एकटीची झाली असती."

"लोक त्यासाठीच खेळतात, पद्मे."

दोघींचे गुण सारखे झाले. आणखी डाव खेळवावा, तर सभागृह सहा वाजता कोणाच्या तरी साखरपुड्याला दिलेलं. तेव्हा ढाल दोघींकडे सहा-सहा महिने. चिठ्ठी टाकली, पहिली पाळी पद्मजाची निघाली. ढाल पोचवायला जैनबकडे जावंच लागणार होतं. पद्मजाला तेवढंच हवं होतं. कारणाशिवाय कोणाकडे जाण्याची पद्धत तिच्या माहेरच्या नारायण पेठेत तेव्हा नव्हती, अजूनही नाही.

एक जुलैला ती ढाल घेऊन गेली. दाराला कुलूप.

"वडिलांची बदली झाली," शेजारच्या बाई खिडकीतून म्हणाल्या.

"कुठे?"

"आम्ही काय पोस्टात आहोत?"

पुढे ती स्पर्धाच बंद पडली. ढाल परत कोणी मागितली नाही.

परवा नोव्हेंबरात फोन आला. जुन्या बक्षिसांचं प्रदर्शन भरवणारे कोणी दिगंबर.

"मॅडम, ती ढाल तुमच्याकडेच आहे ना?"

"जानेवारीत असेल."

"आत्ता कोणाकडे आहे?"

"जैनबकडे."

"मग त्यांचा नंबर द्या ना."

पद्मजाताई कपाटाकडे बघत राहिल्या.

"शोधा," त्या म्हणाल्या. "सापडला, तर आधी मला कळवा."