विमलआत्याचा वाकडा दात

विमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा तिचे दात माझ्या पर्समध्ये होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि दादरच्या ऑफिसात बसून मी एका गृहस्थाला तिसऱ्यांदा सांगत होते की फॉर्मवर सही राहिली आहे. तीन दिवसांपूर्वी आत्याला परळच्या हॉस्पिटलात आयसीयूत हलवलं, तेव्हा तिथल्या सिस्टरनं तिची कवळी काढून, डबीत घालून माझ्या हातात दिली होती. मी ती पर्समध्ये टाकली, चाव्यांच्या शेजारी. फोन ठेवला आणि रडू यायच्याही आधी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली... आत्या दातांशिवाय आहे आणि नायगावहून तिच्या चाळीतली माणसं निघाली असतील.

हसू नका. आत्याला ओळखणाऱ्या कोणाच्याही डोक्यात हेच आलं असतं. दातांशिवाय ती दूधवाल्यालाही तोंड दाखवत नसे. बेल वाजली की आधी कवळी, मग कडी. टॅक्सीवाल्याच्या मागे मी इतकी लागले की बिचारा प्रत्येक सिग्नलला माझ्याकडे वळून बघायचा. वर पोचले तर सिस्टर म्हणाली, "बरं झालं लवकर आलात. नंतर जबडा घट्ट होतो, मग बसत नाहीत." मी डबी उघडली आणि मला वरची कुठली, खालची कुठली, हेच सुचेना. सात वर्षं तिला डॉक्टरकडे नेणारी मी, पण त्या क्षणी दोन्ही सारख्याच दिसत होत्या. शेवटी सिस्टरनंच कवळी घेतली, पाण्याखाली धरली आणि दोन मिनिटांत बसवली. आत्याचे बसलेले गाल भरून आले. तिचा चेहरा तिचा झाला. मग मी बाहेर जाऊन सगळ्यांना म्हटलं, या आता. आणि मग रडले.

विमलआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढली आणि तिथेच म्हातारी झाली. स्वतः लग्न केलं नाही, पण चाळीतल्या निम्म्या लग्नांची बोलणी तिनंच केली. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ऑपरेटरची. ट्रंककॉल जोडून द्यायचा तो काळ. दिवसभर कानाला यंत्र लावून स्वच्छ बोलायची सवय झालेली, ती घरीही सुटली नाही. आमच्यापैकी कोणी 'श'च्या जागी 'स' म्हटला की ती हातातला घास ताटात ठेवायची आणि तो शब्द तीनदा म्हणून घ्यायची. वरण गार झालं तरी चालेल. मी पन्नाशी ओलांडली, तरी 'शेवट' म्हणताना पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं.

दर रविवारी सकाळी विहारात वंदना तीच घ्यायची, चाळीस वर्षं. पांढरी साडी, जोडलेले हात आणि पालीतला एकेक शब्द सुटा, निवडून ठेवलेल्या तांदळासारखा. ती पुढे उभी राहून सूर धरायची आणि मागची माणसं तिच्याबरोबर म्हणायची. विहारात वर्गणी काढून माईक आणला, तेव्हा तिनं तो कौतुकानं पाहिला, हातानं बाजूला सरकवला आणि वंदना सुरू केली.

आता एवढ्या स्वच्छ वाणीच्या बाईनं दात जपावेत की नाही? तर नाही. रोज सकाळी गॅलरीच्या टोकाला उभी राहून तंबाखूची मिश्री लावायची. मी बोलले की म्हणायची, "हिरड्यांचं औषध आहे ते." हे औषध तिच्या हिरड्या खात होतं आणि त्यात साखरेचा आजार. सत्तरीला येईतो एकेक दात हलायला लागला. हलणारा दात ती महिनोन्‌महिने जिभेनं सांभाळायची, पण डॉक्टरकडे जाणार नाही. "पडेल त्याच्या वेळेला. तुला कसली घाई?" शेवटी उरलेसुरले सगळे काढावे लागले. त्यानंतरच्या रविवारी मी वडिलांना विहारात सोडायला गेले होते. मी काही नेमानं जाणारी नव्हे, बाहेर चपलांपाशी उभी राहणाऱ्यांतली. दारातून पाहिलं, तर आत्या पुढे नव्हतीच. मागच्या सतरंजीवर पदर तोंडाला लावून बसली होती आणि वंदना कोणीतरी मोबाइलवर लावली होती.

मला असा संताप आला की विचारू नका. घरी आल्यावर मी सुनावलं, "कवळी करून घे. उद्याच जाऊ." ती बोळक्या तोंडानं, पण पूर्ण ऐटीत म्हणाली, "खोट्या दातांनी मी 'खोटं बोलणार नाही' हे शील कसं घेऊ?" मी म्हटलं, "मग चष्मा काढ. ते डोळे तरी कुठे खरे आहेत?" यावर तीन आठवडे अबोला. वर्षभर ती मऊ भातावर राहिली आणि वर्षभर मागच्या सतरंजीवर बसली. वळली कशानं, तर गॅसच्या सिलेंडरनं. नंबर लावायला तिनं फोन केला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "बाबा, घरात कोणी बाई असेल तर त्यांना द्या फोन." आयुष्यभर टेलिफोनवर बोललेली बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचा मला फोन, "संगे, कुठे आहे तो तुझा डॉक्टर?"

डॉक्टर म्हणजे दादरच्या श्रुती मॅडम, कवळ्या बसवण्यातच खास शिकलेल्या, वयानं आत्याच्या नातीएवढ्या. मापं घेताना तोंडात लगदा भरलेला साचा असतो, तेव्हा माणूस गप्प बसतो. आत्या बोटांनी सूचना देत होती. खरी जुंपली ती समोरच्या दातावरून. आत्याचा वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता, जन्माचा वाकडा. मॅडम म्हणाल्या, "आजी, आता संधी आहे, छान सरळ रांग करून देते." आत्यानं पर्समधून एक्स्चेंजच्या निरोप समारंभाचा फोटो काढला आणि त्या दातावर बोट ठेवलं. "असाच हवा. सत्तर वर्षं माझी जीभ याला टेकून 'स' म्हणते. तो सरळ केलास तर ती शोधत बसेल." मॅडमनी फोटो हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." मी आत्याच्या बाजूनं कधी नसते, पण त्या दिवशी मलाही पटलं.

कवळी पक्की करण्याआधी दात मेणात रोवून एकदा तोंडात घालून बघतात. तेव्हा पेशंटला बोलायला लावतात, उच्चार कसे येतात ते कळावं म्हणून. मॅडम म्हणाल्या, "एकसष्ट ते सत्तर मोजा, आजी." आत्या त्रेसष्टपर्यंत गेली आणि थांबली. "आकडे मोजायला मी दात करत नाहीये. जे म्हणायचंय तेच म्हणून बघते." आणि गळ्यातला कागदी रुमाल काढून, खुर्चीवरून उतरून, हात जोडून ती उभी राहिली आणि वंदना सुरू केली. त्रिसरण, मग पंचशील, काही गाळलं नाही. श्रुती मॅडमनी हातमोज्यांसकट हात जोडले. दार उघडंच होतं. बाहेर गालाला बर्फ लावून बसलेले एक काका उठून उभे राहिले, त्यांचं बघून त्यांची बायको उठली, मग रिसेप्शनवरची मुलगी. मीही उभी होते, नाइलाजानं. एकेक 'स' असा स्वच्छ आला की मॅडमनी लॅबच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'दातांची जागा अजिबात बदलू नये', आणि खाली दोन रेघा मारल्या.

ती चिठ्ठी कोणी वाचली नाही. पक्की कवळी आली तेव्हा बुद्धपौर्णिमा तीन दिवसांवर होती आणि आत्यानं विहारात सांगून ठेवलं होतं, या वेळी वंदना मी घेणार. खुर्चीत बसून तिनं कवळी घातली आणि "नमो तस्स" म्हटलं. शिट्टी वाजली. हळू नाही, हवालदारानं रस्त्यात गाडी अडवावी तशी. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा वाजली. मग आरसा घेतला. समोरचे दात पट्टीनं आखल्यासारखे सरळ. आत्यानं आरसा पालथा ठेवला. कवळी काढून रुमालात बांधली आणि रस्त्यावर आल्यावर पदराआडून म्हणाली, "पौर्णिमेला मोबाइलच लावायला सांग." तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. हरलेल्या माणसाचा होता.

मी टॅक्सी थांबवली ती नायगावला जायला नाही. मॅडमकडून लॅबचा पत्ता घेतला होता, लालबागच्या एका गल्लीत, मसाला कांडपाच्या गिरणीला लागून. दात बनवणारे राणे साठीचे, चष्मा कपाळावर, समोर प्लास्टरचे पंचवीस जबडे मांडलेले. मी गेल्या गेल्या फोटो त्यांच्या टेबलावर आपटला. राणे शांतपणे म्हणाले, "माका वाटला मेणात दात सरकलो, म्हणान सरळ केलंय. चाळीस वर्सां दात करतंय, वाकडो दात कोणी मागूक नाय." मी भांडायला तोंड उघडलं, तर गिरणीतली मिरची नाकात गेली आणि मी शिंकतच राहिले. मग आत्या पुढे झाली. तिनं रुमाल सोडला, कवळी घातली आणि टेलिफोनवरच्या आवाजात म्हणाली, "राणेसाहेब, समजून सांगते. सगळे सरळ दात सुरेखच दिसतात. पण सत्तर वर्षांची सवय..." प्रत्येक 'स'ला शिट्टी. बोलणं संपेपर्यंत आठ-नऊ झाल्या. राण्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, फोटो जवळ ओढला आणि बराच वेळ बघितला. "बायो, काय म्हणूचा आसता तुमका?" त्यांनी विचारलं. आत्यानं वंदनेचं सांगितलं. "पौर्णिमेक सकाळी मी स्वतः घेवन येतंय," राणे म्हणाले.

पौर्णिमेला नऊची वंदना. नऊला पाच कमी होते, पांढऱ्या कपड्यांनी विहार भरला होता, मोबाइल स्पीकरला जोडून झाला होता आणि आत्या मागच्या सतरंजीवर, पदर तोंडाला. मी रस्त्यावर उभी राहून राण्यांना शिव्या घालत होते. तेवढ्यात ते आले, भराभर चालत, घामानं डबडबलेले, हातात स्टीलचा डबा आणि डब्यात पाणी नि पाण्यात दात. आत्या कपाटाआड गेली. बाहेर आली ती सरळ चालत पुढे, आणि पहिलं काम काय केलं असेल तर माईक बाजूला सरकवला. एकही शिट्टी नाही. राणे माझ्या शेजारी चपलांपाशी उभे होते, हात जोडून. मधेच कुजबुजले, "'स' बरो येता मां?"  मी नुसती मान हलवली.

त्यानंतर सात वर्षं तिनं एक रविवार चुकवला नाही. चाळ पाडायला घेतली, माणसं तात्पुरत्या खोल्यांत गेली, विहार पत्र्याच्या शेडमध्ये आला, तरी हॉस्पिटलात जायच्या आधीच्या रविवारी ती पुढे उभी होती. दात तिच्याबरोबरच गेले. तिच्यामागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर विहारातली माणसं मला म्हणाली, "संगीताताई, आता तुम्हीच घ्या." मी म्हटलं, अहो, मी चपलांपाशी उभी राहणारी. पण परत मोबाइल लावणार म्हणाले, आणि ते काही मला सोसलं नसतं. आठवडाभर आरशासमोर घोकून घेतलं आणि रविवारी पांढरी साडी नेसून गेले.

त्रिसरण नीट झालं. पंचशील सुरू केलं. पाचही शिलांच्या शेवटी 'समादियामि' येतं, म्हणजे 'मी हे शील घेते'. पहिलं शील म्हणत मी सरळ पुढे गेले आणि लक्षात आलं, 'समादियामि' म्हणणारी मी एकटीच आहे. सगळे गप्प. माझं काय चुकलं म्हणून कपाळाला घाम आला. दोनेक क्षण गेले आणि मग सगळ्यांनी एकदम म्हटलं. दुसऱ्या शिलाला तेच, तिसऱ्याला तेच. वंदना संपल्यावर मी प्रज्ञाला गाठलं. ही पोलीस क्वार्टर्समधली, चार वर्षांपूर्वी सून होऊन आलेली. विचारलं, "तिथे सगळे थांबता कशाला गं?"

"थांबायचं असतं ना, ताई. शील घ्यायच्या आधी मनात विचार करायचा, आपल्याला जमेल का. मग घ्यायचं."

"असं आत्यानं सांगितलं?"

"सांगितलं नाही कधी. पण त्या थांबायच्याच. प्रत्येक शिलाला."

थांबायची. का थांबायची ते मला ठाऊक आहे. खालची कवळी वरच्यासारखी घट्ट बसत नाही, लांब वाक्य म्हणता म्हणता सुटते आणि जिभेनं दाबून पुन्हा जागेवर आणावी लागते. तेवढाच वेळ. मी सांगायला तोंड उघडलं होतं. प्रज्ञा माझ्याकडे इतक्या मनापासून बघत होती की मी म्हटलं, "हो, बरोबर. माझंच चुकलं." पुढच्या रविवारी मीही थांबले. शेडमधला पंखा तेवढा ऐकू येत होता. समोर पन्नास माणसं डोळे मिटून मनात विचार करत उभी, मग मीही केला. पाचांतलं दारूचं शील मला नक्की जमेल, बाकीच्या चारांची खात्री देता येत नाही. आता दर रविवारी जाते.